फावल्या वेळाचा हिशेब

दिवाळीत गावी गेलो होतो. भाऊबीज आटोपली, दुपारची जेवणे झाली आणि सोप्यात जो तो जागा मिळेल तिथे लवंडला. थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर अर्धी शिवलेली गोधडी होती. समोर माझी सून. ती पुण्यात एका कंपनीत नोकरी करते आणि शनिवारी सकाळी क्विल्टिंगच्या वर्गाला जाते. क्विल्टिंग म्हणजे आपली गोधडीच, फक्त कापड नवे, रंगसंगती ठरवून घेतलेली, आणि तुकडे कापायला चाकाची सुरी. आत्याला दाखवावे म्हणून तिने आपले अर्धवट काम मुद्दाम बरोबर आणले होते.

अक्काने चष्मा लावला आणि पहिल्यांदा काय केले, तर ते कापड उलटे केले. जाणकार बाई शिवण नेहमी मागच्या बाजूने बघते. मग म्हणाली, "टाका बारीक हाय गं तुजा. किती मिळत्यात ह्याचं?"

"मिळत नाहीत, आत्या. मीच देते. महिन्याची फी असते. कापडाचे वेगळे."

अक्का क्षणभर तिच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग अशी हसायला लागली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आले. "अगं, जलमभर फुकट शिवलं म्हनून मी सोताला येडी समजत हुते. तू तर पैसं दिऊन शिवतीस!"

सगळेच हसलो. हसता हसता माझ्या मुलाने विचारले, "मग आत्या, तुझा छंद कोणता?"

"छंद? आमाला कुटला आलाय छंद," अक्का सुईत दोरा ओवत म्हणाली. "काम झालं की गोदडी घ्यायची. रिकामं बसून काय करायचं?"

विषय तिथेच संपला. चहा आला, गप्पा उसाच्या दराकडे वळल्या. मला मात्र ते वाक्य सुटेना. एकाच सोप्यात, हातभर अंतरावर दोन बायका बसलेल्या. दोघींच्या हातात सुई, दोघींचा टाका तोच, साधा धावदोरा. एकीच्या लेखी तो छंद, दुसरीच्या लेखी रिकामे न बसणे. आयुष्याची पस्तीस वर्षे मी बँकेत लोकांच्या नावापुढे रकाने भरण्यात घालवली. त्या खोडीमुळे असेल, मनात आले, अक्काची गोधडी नेमकी कुठल्या रकान्यात लिहायची?

शहरातल्या नव्या पिढीला गोधडी ठाऊक असते ती पांघरण्यापुरती. ती होते कशी, हे थोडे सांगायला हवे. आमच्या सातारा भागात हे उन्हाळ्याचे काम. सुगी उरकलेली, पाऊस लांब, ऊन कडक. कुरडया-पापडांच्या वाळवणाबरोबरच घरातली बोचकी सोडली जातात. वर्षभर साठलेली जुनी लुगडी, धोतरे, पंचे, शर्ट धुऊन कडकडीत वाळवायचे. शिवणी उसवायच्या, गुंड्या काढून डब्यात टाकायच्या. झिजून मऊ झालेले लुगडे अंगाला लागेल त्या बाजूला, जाडेभरडे कापड मधल्या थरांत, आणि जरा बरे, रंग टिकलेले लुगडे दर्शनी बाजूला. झाडून काढलेल्या जमिनीवर थरावर थर पसरायचे, तळहाताने सुरकुत्या काढायच्या आणि कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, दगड ठेवायचे. आधी लांबलांब कच्चे टाके, थर सरकू नयेत म्हणून. त्यानंतर खरी शिवण. बरीचशी बायका काठाकडून आत येतात, चौकोनात चौकोन घालत. गोधडीच्या मधोमध शेवटचा चौकोन उरतो तेव्हा मान, पाठ आणि बोटे सगळीच बोलायला लागलेली असतात.

कोल्हापूर-सांगलीकडे हिला वाकळ म्हणतात. सीमेपलीकडे कानडी मुलखात ती कौदी होते, बंगालात कांथा, बिहारात सुजनी, सिंध-कच्छात रल्ली. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूर भागात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. तिच्या चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून केलेली त्रिकोणी 'फुले' लावतात. फुलांवाचून कवंदी उघडी दिसते, असे त्या मानतात. उबेशी या फुलांचा काही संबंध नाही. थंडी त्यांच्यावाचूनही तेवढीच भागते. तरीही ती लावल्याशिवाय त्या बाईला आपले काम पुरे झाले असे वाटत नाही. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण पुढचा सगळा मुद्दा त्या फुलांचा आहे.

अक्काही असेच करते. तिच्या गोधडीच्या एका कोपऱ्यात लाल खणाचा एक चौकोनी तुकडा हटकून असतो. का, म्हणून एकदा विचारले होते. "बरं दिसतंय," एवढेच उत्तर मिळाले. चोवीस तासांच्या दिवसात "बरं दिसतंय" एवढ्याच कारणासाठी अक्काने केलेली दुसरी गोष्ट मला आठवत नाही. पहाटे उठून शेणघाण, धारा, पाणी तापवणे, भाकऱ्या, रानात भांगलण, पुन्हा चूल. या प्रत्येक कामाला दुसऱ्याची वेळ असते. गाईची वेळ, पोराच्या शाळेची वेळ, नवऱ्याच्या जेवणाची वेळ. दुपारचे दीड-दोन तास तेवढे तिचे. कोणता तुकडा कुठे जाईल, कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग बसेल, हे तिथे कोणी सांगत नसे. याला छंद नाही म्हणायचे तर काय म्हणायचे? आणि केवळ छंद म्हणावे, तर त्याच गोधड्यांखाली आम्ही भावंडे थंडीत झोपलो, तिची पोरे वाढली, पाहुणेरावळे निजले, त्याचे काय?

आता बँकेच्या रकान्याकडे येतो. १९८७ साली माझी बदली माण तालुक्यातल्या एका शाखेत झाली. दुष्काळी मुलूख. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे, म्हणजे त्या वेळी सगळे ज्याला आयआरडीपी म्हणत त्याचे, ते दिवस. म्हशीसाठी, शेळ्यांसाठी, शिवणयंत्रासाठी कर्जाचे अर्ज यायचे. अर्जात 'व्यवसाय' असा रकाना असायचा. बाई समोर बसली की मी विचारी, "काय करता?" ठरलेले उत्तर येई, "काय न्हाई, घरीच असते." मी 'घरकाम' असे लिहून पुढच्या ओळीकडे वळे. अंगठा उठवण्यासाठी ती हात पुढे करी तेव्हा तर्जनीच्या टोकाला सुईने टोचून टोचून झालेला घट्टा दिसे. तो लिहिण्यासाठी अर्जात जागा नव्हती.

यात एकट्या बँकेचा दोष नाही. देशात रोजगाराच्या ज्या सरकारी नमुना पाहण्या होतात, त्यांत प्रत्येक माणसाच्या कामाला एक सांकेतिक क्रमांक असतो. त्यातला ९२ हा केवळ घरकाम करणाऱ्यांचा. ९३ हा त्याच्या पुढचा: घरकाम करून शिवाय घरच्या वापरासाठी सरपण, भाजीपाला, जनावरांचा चारा गोळा करणे, शिवण, विणकाम इत्यादी करणाऱ्यांचा. म्हणजे अक्काच्या गोधडीला सरकारदरबारी जागा आहे. नाही असे नाही! पण ९२ आणि ९३ हे दोन्ही क्रमांक श्रमशक्तीच्या बाहेर धरले जातात. गोधडीची नोंद होते ती अशी, की तिने काम केलेले नाही.

हे किती विचित्र आहे, ते दोन उदाहरणांनी सांगतो. हरियानातले पानिपत आपल्याला लढाईसाठी ठाऊक आहे. आज ते शहर जुन्या कपड्यांच्या धंद्यासाठीही प्रसिद्ध आहे. देशोदेशीचे टाकाऊ गरम कपडे तिथे येतात, त्यांच्या चिंध्या करून सूत काढतात आणि त्या सुताची ब्लँकेटे विणतात. जुन्या कपड्यांतून पांघरूण करायचे, हेच तिथे होते. तिथे त्याला उद्योग म्हणतात. त्याला कर्ज मिळते, वीजजोड मिळतो, आकडेवारीत स्थान मिळते. तेच काम सोप्यात बसून केले की तो फावला वेळ! दुसरे उदाहरण माणमधलेच. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतरही रोजगार हमीच्या कामांवर हजारो बायकांनी खडी फोडली. फोडलेल्या खडीचे ब्रासवर मोजमाप व्हायचे आणि त्यानुसार मजुरी मिळायची. ते योग्यच होते. पण कामावरून घरी येऊन त्याच बाईने त्याच हातांनी गोधडी शिवली, तर तिच्यावर मोजपट्टी ठेवणारा कोणी नव्हता.

मग तरुण अधिकाऱ्याच्या उत्साहाने मी स्वतःच मोजपट्टी ठेवायला गेलो, त्याची गोष्ट सांगायला हवी. ती फारशी अभिमानाची नाही.

मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहत होतो, त्या घरमालकीणबाईंच्या ओसरीवर उन्हाळ्यात दुपारी सात-आठ बायका जमत. गोधडीच्या चारही बाजूंनी बसत आणि आपापल्या काठाकडून शिवत आत येत. हे सावडीचे काम होते. आज तुझी, उद्या माझी. कोणाची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली असली, की तिच्या बाळाचे दुपटे आधी. तोंडे चाललेली, हात चाललेले. मला वाटले, केवढी ही कला आणि केवढी ही वाया जाणारी मेहनत! मी कागद घेतला, आकडे मांडले, शहरातल्या एका व्यापाऱ्याशी बोललो आणि दहा जणींना कर्ज मंजूर करवून घेतले. व्यापाऱ्याने माप ठरवून दिले, रंग ठरवून दिले. जुनी लुगडी चालणार नव्हती, गिऱ्हाइकाला शिसारी येते म्हणे. नवे कापड आले. महिन्याला अमुक इतके नग, असा करार झाला.

चार महिन्यांत ओसरीवर शुकशुकाट झाला. नगावर पैसे म्हटल्यावर जी ती आपापल्या घरी शिवू लागली. दुसरीच्या गोधडीवर टाका घालणे म्हणजे आपला नग मागे पडणे. सावड मोडली. व्यापाऱ्याने पहिल्या खेपेला पैसे दिले, दुसऱ्या खेपेला टाके विरळ आहेत म्हणून कापून घेतले, तिसऱ्या खेपेला तो आलाच नाही. एका नगामागे हातात पडलेला पैसा रोजगार हमीच्या दोन दिवसांच्या मजुरीइतकाही नव्हता, आणि नगाला जात होते पाच-सहा दिवस. कर्जाचे हप्ते बायकांनी कोंबड्या-शेळ्या विकून फेडले. एकीनेही बुडवले नाहीत. वसुलीचा तक्ता शंभर टक्के भरला आणि त्याबद्दल माझे कौतुकही झाले.

घरमालकीणबाई मला काही बोलल्या नाहीत. एकदाच, दारात उभ्या राहून सहज म्हणाल्या, "सायेब, आदी आमी गोदडीला बसत हुतो. आता गोदडी आमाला बसवती."

यातून मी एक धडा घेतला आणि पुढची कितीतरी वर्षे तो शहाणपणाचा समजून उराशी बाळगला. धडा असा, की अशा गोष्टींना पैशाचा वास लावू नये. गोधडी ही मायेची वस्तू, तिचा बाजार मांडू नये. भाषणांत, लेखांत मी हे सांगितले, लोकांनी माना डोलावल्या. सांगायला आणि ऐकायला तो फार गोड विचार आहे. त्यातली खोट गेल्या वर्षी माझ्याच दारात उघडी पडली.

आमच्या कॉलनीत उन्हाळ्यात गोधडी शिवून देणाऱ्या बायका येतात. जुने कपडे आपले, दोरा त्यांचा. गच्चीवर किंवा वाहनतळाच्या सावलीत बसून दोन-तीन दिवसांत गोधडी हातात देतात. बाईने सहाशे रुपये सांगितले. आमच्या घरून पाचशेवर घासाघीस झाली. मी मध्येच म्हणालो, "अहो, रिकाम्या वेळाचे तर काम, एवढे कशाला लावता?" बोललो आणि जीभ चावली. ही बाई काही रिकाम्या वेळात आली नव्हती. परगावाहून पोटासाठी आली होती. मायेची वस्तू, बाजार नको, हा माझा उदात्त विचार प्रत्यक्षात शंभर रुपये वाचवण्याच्या कामी आला होता.

त्या रात्री मी खरोखर हिशेब केला. साधारण एका माणसाची गोधडी धरू, साडेचार फूट रुंद आणि सहा फूट लांब. दोन ओळींत बोटभर, म्हणजे पाऊण इंच अंतर. म्हणजे ७२ इंचांच्या ७२ ओळी. ओळी सरळ घाला की चौकोनात चौकोन, बेरीज तेवढीच येते: ५१८४ इंच, म्हणजे ४३२ फूट शिवण. इंचाला तीन टाके धरले तर १५५५२ टाके. चार-पाच थरांतून सुई पार करायची असते. मिनिटाला दहा टाके पडले तरी हात चांगला म्हणायचा. म्हणजे नुसत्या टाक्यांना सव्वीस तास, आठ तासांचा दिवस धरला तर सव्वातीन दिवस. कपडे उसवणे, तुकडे जुळवणे, थर लावणे यांचे दोन दिवस आणखी. २०२४-२५ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या दराने, म्हणजे अकुशल कामाच्या दराने, या गोधडीची मजुरी दीड हजार रुपयांच्या वर जाते. दारावर येणाऱ्या बाया पाचशे-सहाशेत परवडावे म्हणून ओळी लांब घालतात, टाका मोठा घेतात. त्यांच्या टाक्याला नावे ठेवताना आपण भाव किती दिला, हे आपल्याला आठवत नाही.

तेव्हा १९८७ मध्ये माझे चुकले कुठे, ते मला चाळीसएक वर्षांनी कळले. पैसा आला म्हणून ती ओसरी ओस पडली नाही. पैसा अपुरा आला, आणि माप, रंग, वेग ठरवण्याचा हक्क मात्र पुरता गेला, म्हणून ती ओस पडली. आपली लबाडी अशी, की बाईला दाम द्यायची वेळ आली की आपण गोधडीला छंद म्हणतो, आणि तिला उसंत द्यायची वेळ आली की तिला काम म्हणतो. दोन्हीकडून आपलाच फायदा!

ही लबाडी आपल्यापुरतीच आहे असेही नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाची वस्ती आहे. मळ्यांवर गुलाम म्हणून राबलेल्या कृष्णवर्णीयांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या शेतावरच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या, लाकडी घरांच्या फटींतून येणाऱ्या थंडीसाठी. १९४२ साली तिथल्या एका विधवेने आपल्या गेलेल्या नवऱ्याच्या कामावरच्या कपड्यांची गोधडी शिवली. ते वाचताना मला आमच्या आईने वडिलांच्या धोतरांची शिवलेली गोधडी आठवली. १९६६ साली त्या भागातल्या बायकांनी सहकारी संस्था काढली आणि त्यांचे काम न्यूयॉर्कच्या दुकानांत जाऊ लागले. दुकानांना मात्र सगळे नग एकसारखे हवे असत. सत्तरच्या दशकात एका मोठ्या दुकानासाठी कॉर्डरॉयच्या कापडाचे उशांचे अभ्रे शिवायचे काम आले. बायकांनी ते ठरल्या मापाने शिवले, मजुरी घेतली आणि उरलेल्या तुकड्यांच्या आपल्या मनाच्या गोधड्या घरी शिवल्या. २००२ साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतींवर मांडल्या गेल्या त्या घरच्या गोधड्या. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. दुकानासाठी शिवलेले अभ्रे कोणी जपून ठेवले नाहीत. पण त्या अभ्र्यांच्या मजुरीने घरे चालली, हेही विसरून चालणार नाही.

म्हणून बँकेतला माणूस या नात्याने मला सुचते ते एवढेच: खाती दोन ठेवा, त्यांची सरमिसळ करू नका.

एक खाते विकायच्या गोधडीचे. आज बचत गटांच्या प्रदर्शनांत, शहरांतल्या दुकानांत गोधड्या दिसतात, हे चांगलेच आहे. तिथे माया, परंपरा, आजीची ऊब हे शब्द वेष्टनावर छापायला हरकत नाही, पण भाव टाक्यांचा लावावा. ज्याला परवडत नाही त्याने यंत्रावरची रजई घ्यावी, सोलापुरी चादर घ्यावी. त्यात कमीपणा नाही. हाताची गोधडी हवी आणि भाव मात्र यंत्राचा हवा, हे चालायचे नाही. आणि नुसता भाव देऊन भागणार नाही. रंग आणि तुकडा निवडण्याचा थोडा तरी हक्क शिवणारीच्या हातात राहिला पाहिजे. तो लाल खणाचा तुकडा तिला लावू द्या.

दुसरे खाते घरच्या गोधडीचे. त्याला दाम नको, वेळ हवा. २०१९ सालच्या राष्ट्रीय पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात आणि पुरुषांची ९७, असे दिसले. या २९९ मिनिटांतून उरेल तो फावला वेळ. माझी सून शनिवारी सकाळी वर्गाला जाऊ शकते, कारण त्या दिवशी स्वयंपाक माझा मुलगा करतो. हे वाक्य मी सहज लिहिले, पण आमच्या घरात ते घडायला तीन पिढ्या लागल्या. सुनेचा छंद हे श्रीमंती चोचले नव्हेत. तिने आपल्या वेळेवर आपले नाव घातले आहे, एवढेच. अक्काच्या वेळेवर कोणाचेच नाव नव्हते. तिनेही ते घातले नाही, आम्ही कोणी घालून दिले नाही.

गोधडी या शब्दाला आपल्याकडे दारिद्र्याचा वास आहे, हे मला ठाऊक आहे. गोधडी पांघरलेला म्हटले, की डोळ्यांपुढे भिकारी येतो. पण याच महाराष्ट्रात अंगावरच्या चिंध्यांच्या वस्त्रामुळे लोक एका माणसाला गोधडे महाराज म्हणत, आणि त्याच्या खराट्यामागे गावेच्या गावे झाडायला निघत. ते गाडगेबाबा. काम आणि सेवा, टाकाऊ आणि मोलाचे यांतल्या आपल्या ठरीव भिंती त्यांनी कधी मानल्या नाहीत. आपण त्या एका पांघरुणापुरत्या तरी पाडायला काय हरकत आहे?

त्या दिवशी संध्याकाळी निघताना आईची ती गोधडी मी अक्कापुढे ठेवली. वरचे लुगडे विरले आहे, आतली धोतरे दिसू लागली आहेत. म्हटले, हिला वरून नवे कापड घालून दे, जे काय होतील ते पैसे सांग. आमच्यात पैशाचे नाव मी पहिल्यांदाच काढले होते. ती रागावेल असे वाटले. तिने गोधडी उलटीसुलटी करून पाहिली, आईचे टाके बोटाने चाचपले.

"हिचं पैसं नगं," ती म्हणाली. "ही आपली हाय. पर म्होरल्या आळीच्या मास्तरीनबाईला दोन शिवून दिल्यात मी. तिच्याकडनं घेनार हाय."

"किती सांगितलेस?"

"चारशे."

मी खिशातून कागद काढला आणि चारशे बाहत्तर फूट नव्हे, चारशे बत्तीस, असे स्वतःलाच दुरुस्त करत तिला टाके मोजून दाखवू लागलो. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. सून तिच्या शेजारी बसून आईच्या गोधडीचा कोपरा कसा दुमडला आहे, ते बघत होती. पंधरा हजार पाचशे बावन्न म्हटल्यावर मात्र अक्काची सुई थांबली.

"एवढं टाकं?" ती म्हणाली. "एका गोदडीला?"

मग तिने सुनेला जवळ घेऊन कोपरा दुमडायचा कसा ते दाखवले आणि मला सांगितले, की पुण्याहून येताना जुने शर्ट आणायचे, पण सुतीच. त्या टेरिकॉटमधून सुई नीट जात नाही.